दूध बिल दर दहा दिवसांनी कुणाचं तरी फुगतंय? आधी जॉइन तपासा

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन महिन्यातून तीनदा ठरलेला. १, ११ आणि २१ तारीख, सकाळचं संकलन आटोपलं की साधारण साडेआठला.

"सर, परत तेच. दोनशे चौदाचं बिल जवळजवळ डबल आलंय. मागल्या खेपेला अठ्ठ्याहत्तर आणि एकशे दोन होते. काय भानगड हाय बघा की जरा."

तीन-साडेतीनशे सभासदांची संस्था. त्यातल्या चार-पाच जणांचंच बिल चुकायचं, आणि दर खेपेला सभासदांचे कोड बहुतेक वेगळे. स्क्रीनवर एरर नाही, प्रोग्राम बंद पडत नाही, छापील बिल दिसायला एकदम झकास. सेक्रेटरी लाल पेनानं आकडा दुरुस्त करायचे, कधी रक्कम वाटून झाल्यावर लक्षात आलं तर पुढच्या बिलातून वसुली धरायचे. सॉफ्टवेअर आधीच्या कुणीतरी लिहिलेलं, माझ्याकडे देखभालीला आलेलं. मीही पहिले दोन महिने 'डेटा एंट्रीत घोळ असणार' असं म्हणून वेळ मारून नेली, हे कबूल करतो.

आमच्याकडे दूध म्हणजे गंमत नाही. कोल्हापुरात गंगावेशीत संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी समोर पिळून ग्लास हातात देतात, तिथंही गिऱ्हाईक फेस किती आणि दूध किती हे बघतंच. गावात तर दहा दिवसांच्या बिलावर किराणा चालतो. पाच रुपये कमी आले तरी माणूस पावत्यांची गड्डी घेऊन संस्थेत हजर होतो. जास्त आले तर मात्र शांतता.

खालच्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एसक्यूएल भाषेत विचारलेले प्रश्न, देवनागरीतच लिहिल्यात, फोनवर वाचून दाखवतो तशा. तुम्ही टाइप करताना कीवर्ड नेहमीसारखे इंग्रजीत घ्या.

आधी काय बरोबर आहे ते बघा

क्वेरी उघडण्याआधी एक काम केलं. २१४ कोडचा दहा दिवसांचा संकलन रिपोर्ट काढला आणि त्यांच्या घरातल्या पावत्यांशी ताडून पाहिला. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर, रक्कम, सगळं जुळलं. मग कपातीचं रजिस्टर बघितलं. तेही जुळलं. म्हणजे दोन्ही टेबलं साफ आणि बिल मात्र चुकीचं. याचा अर्थ दोष या दोघांना एकत्र आणणाऱ्या क्वेरीत, म्हणजे जॉइनमध्ये आहे. हे पाच मिनिटांचं काम मी दोन महिने आधी केलं असतं तर बरं झालं असतं.

टेबलं साधीच होती. 'सभासद'मध्ये कोड आणि नाव. 'संकलन'मध्ये कोड, दिनांक, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. 'कपात'मध्ये कोड, दिनांक, कारण, रक्कम. कारण म्हणजे पशुखाद्याचं पोतं, उचल, औषध वगैरे.

आणि बिलाची क्वेरी, तारखांच्या अटी वगळून, अशी होती:

सिलेक्ट स.कोड, सम(दू.रक्कम), सम(डिस्टिंक्ट क.रक्कम)
फ्रॉम सभासद स
लेफ्ट जॉइन संकलन दू ऑन दू.कोड = स.कोड
लेफ्ट जॉइन कपात क ऑन क.कोड = स.कोड
ग्रुप बाय स.कोड

'सम' म्हणजे बेरीज, 'डिस्टिंक्ट' म्हणजे सारखा आकडा एकदाच धरणं, 'ग्रुप बाय' म्हणजे एका कोडच्या ओळी एकत्र करणं, 'लेफ्ट जॉइन' म्हणजे जोडी नसली तरी डावीकडची ओळ ठेवणारा जॉइन. ज्यानं थोडंफार एसक्यूएल लिहिलंय त्याची नजर 'सम'च्या आतल्या त्या 'डिस्टिंक्ट'वर अडली असेल. माझी अडली. पैशांच्या बेरजेत डिस्टिंक्ट दिसला की समजायचं, इथं कुणीतरी जखम न धुता पट्टी बांधलीय.

सहा ओळी कुठून आल्या

मोठ्या डेटावर डोकं चालत नाही. म्हणून दोन दिवसांचाच तुकडा घेतला. एका सभासदाच्या संकलनात तीन ओळी: ११ तारखेची सकाळ ३१२ रुपये, ११ ची संध्याकाळ २८८, १२ ची सकाळ पुन्हा ३१२. एकूण ९१२. कपातीत दोन ओळी: पशुखाद्याचा हप्ता २५०, उचलीचा हप्ता १५०. एकूण ४००. हातात पडायला हवेत ५१२ रुपये.

आता 'ग्रुप बाय' आणि 'सम' काढून टाका आणि जॉइनच्या नुसत्या ओळी बघा. सहा ओळी दिसतात. ३१२ समोर २५०, ३१२ समोर १५०, २८८ समोर २५०, २८८ समोर १५०, आणि पुन्हा ३१२ ची तीच जोडी. दुधाच्या प्रत्येक ओळीला कपातीची प्रत्येक ओळ चिकटली. डेटाबेसची यात काही चूक नाही. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉडनं रिलेशनल मॉडेल मांडलं तेव्हापासून जॉइनचा अर्थ हाच आहे, की अट पाळणाऱ्या सगळ्या जोड्या द्यायच्या. आपण अट दिली 'कोड सारखा', आणि कोड तर सहाही जोड्यांत सारखाच आहे. ११ तारखेच्या सकाळच्या दुधाचा उचलीच्या हप्त्याशी काही संबंध नाही, हे आपल्याला माहीत. क्वेरीला कुणी सांगितलंय?

आता या सहा ओळींवर बेरजा करून बघा, सगळा इतिहास उलगडतो.

नुसती सम घेतली तर दूध १,८२४ आणि कपात १,२००, हातात ६२४. पहिल्या प्रोग्रामरला हे कळलं असणार, कारण खऱ्या बिलात दहा दिवसांच्या वीस ओळी असतात आणि एकच कपात असली तरी ती वीसपट होते. आकडा उणे जातो, लगेच बोंब होते. म्हणून त्यानं कपातीच्या समला डिस्टिंक्ट लावला. कपात ४०० वर आली. बोंब थांबली. पण दूध १,८२४ च राहिलं, आणि हातात निघाले १,४२४.

समजा दुधालाही डिस्टिंक्ट लावला असता तर? ३१२ दोनदा आलेत, ते एकदाच धरले जातात. दूध ६००, हातात २००. एकाच क्वेरीची तीन रूपं आणि तीन उत्तरं, त्यातलं खरं ५१२ एकातूनही येत नाही.

चुकीचे कोड दर खेपेला का बदलतात याचंही उत्तर इथंच आहे. ज्याची त्या दहा दिवसांत एकच कपात, त्याचं बिल योगायोगानं बरोबर येतं. ज्याच्या दोन, त्याचं दूध दुप्पट. तीन असतील तर तिप्पट. बहुतेक सभासद एका खेपेला एकच पोतं उचलतात किंवा काहीच उचलत नाहीत, म्हणून चार-पाचच सापडायचे. खात्री करायला ही क्वेरी पुरे:

सिलेक्ट कोड, काउंट(*) फ्रॉम कपात
व्हेअर दिनांक त्या दहा दिवसांतली
ग्रुप बाय कोड हॅविंग काउंट(*) > १

हिची यादी आणि सेक्रेटरींच्या लाल पेनाची यादी समोरासमोर धरली. सहा कोड निघाले. त्यातले पाच त्यांच्या यादीत होते. सहाव्याचं बिल फुगलेलं होतंच, पण तो बोलला नव्हता!

आणि एक मजा. जास्त गेलेली रक्कम पुढच्या बिलातून वसूल करायची म्हणून सेक्रेटरी 'मागील वसुली' अशी नवी कपात टाकायचे. म्हणजे त्या सभासदाच्या पशुखाद्याच्या ओळीत आणखी एक ओळ आली, कपाती झाल्या दोन, आणि दूध पुन्हा दुप्पट. ७८ कोड लागोपाठ तीन खेपा यादीत होता तो यामुळेच. आपण दुरुस्ती करत होतो आणि तीच पुढच्या चुकीचं बी होती.

दुरुस्ती

आधी प्रत्येक टेबलाची बेरीज त्याच्या घरात करा, एका सभासदाची एकच ओळ करा, मग जोडा. एवढंच.

सिलेक्ट स.कोड,
कोअलेस(द.एकूण, ०) - कोअलेस(क.एकूण, ०) अ‍ॅज देय
फ्रॉम सभासद स
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट कोड, सम(रक्कम) अ‍ॅज एकूण फ्रॉम संकलन व्हेअर तारखेची अट ग्रुप बाय कोड) द ऑन द.कोड = स.कोड
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट कोड, सम(रक्कम) अ‍ॅज एकूण फ्रॉम कपात व्हेअर तारखेची अट ग्रुप बाय कोड) क ऑन क.कोड = स.कोड

'विथ' वापरून हेच जास्त सुटसुटीत लिहिता येतं, पण मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ते ८.० आवृत्तीपासून आलं आणि संस्थेच्या मशीनवर ५.६ आहे. कंसातल्या सबक्वेरी कुठंही चालतात, म्हणून मी त्याच ठेवल्या.

कोअलेस विसरू नका, रिकाम्या जागी शून्य तेच धरतं. ज्याची काहीच कपात नाही त्याच्या कपातीच्या जागी नल (म्हणजे आकडाच नाही) येतो, आणि कुठल्याही रकमेतून नल वजा केला की उत्तर नल. बिलावर कोरी जागा. उलटंही होतं: म्हैस भाकड झाली, दूध शून्य, पण पोत्याचा हप्ता चालू आहे. त्याचं देय उणे येणार, आणि ते तसंच दिसायला हवं, म्हणजे पुढच्या बिलात ओढता येतं. आधीच्या क्वेरीत हे लोक यादीतूनच गळायचे, कारण बाहेर एक अट होती: व्हेअर दू.दिनांक अमुक ते तमुक. लेफ्ट जॉइन केल्यावर उजव्या टेबलाच्या कॉलमवर व्हेअरमध्ये अशी अट घातली की नलच्या ओळी उडतात आणि लेफ्ट जॉइन नावालाच उरतो. अट 'ऑन'मध्ये घाला, नाहीतर वरच्यासारखी सबक्वेरीच्या आत.

मला कुणी विचारतं, "सर, सरळ सिलेक्ट डिस्टिंक्ट लावला तर?" नको. अख्ख्या निकालावर लावा नाहीतर समच्या आत, डिस्टिंक्टला फक्त 'सारखं दिसतंय' एवढंच कळतं. 'तेच आहे' आणि 'तेवढंच आहे' यातला फरक त्याला कळत नाही. सकाळी ३१२ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ३१२ ही दोन वेगळी दुधं आहेत. एकाच भावाची दोन पोती ही दोन पोती आहेत. जुन्या क्वेरीत अशी दोन पोती एकच धरली जात होती, म्हणजे दूध दुप्पट आणि कपात निम्मी.

शेवटच्या दिवसाचं दूध गायब

हा दुसऱ्या संस्थेतला प्रकार, पन्हाळ्याच्या बाजूचा, पण विचारणारे बरेच असतात म्हणून इथंच लिहितो. बिल दरवेळी साधारण एका दिवसाच्या दुधाइतकं कमी. अट होती बिटवीन ११ आणि २०. कॉलम मात्र नुसता दिनांक नव्हता, वेळेसकट डेटटाइम होता, मशीनवरून थेट येणारा. अशा वेळी '२०' म्हणजे २० तारखेचे रात्रीचे बारा वाजून शून्य मिनिटं. २० तारखेला सकाळी साडेसहाला घातलेलं दूध त्याच्या पुढचं, म्हणजे अटीबाहेर. संध्याकाळचंही बाहेर.

अट अशी लिहा: दिनांक >= ११ अँड दिनांक < २१. तिसऱ्या खेपेला पुढच्या महिन्याची १ तारीख घ्या, मग महिना २८ चा असो की ३१ चा, डोकं लावायला नको. 'बिटवीनमध्ये २० ला २३:५९:५९ लावतो' असं काही जण करतात. चालतं, पण मला ते दार लावून फट ठेवल्यासारखं वाटतं.

फॅट ६.५ ला दर मिळतो, ६.३ ला मिळत नाही

याच संस्थेतला हा प्रश्न सगळ्यात चक्रावणारा. दरपत्रक टेबलात फॅटप्रमाणे दर. संकलनाची फॅट दरपत्रकाच्या फॅटशी जॉइन करून दर काढायचा. काही ओळींना दर सापडायचा, बाकीच्यांना नल. नीट पाहिलं तर ज्यांना सापडला त्यांची फॅट ६.०, ६.५, ७.०, ७.५ अशीच. स्क्रीनवर दोन्हीकडे ६.३ दिसतंय, तरी जुळत नाही.

संकलनातला कॉलम फ्लोट होता, दरपत्रकातला डेसिमल. डेसिमल दशांश आकडा जसाच्या तसा ठेवतो. फ्लोट आकडा दोनाच्या घातांत साठवतो. ६.५ म्हणजे साडेसहा, अर्धा बरोबर बसतो. ६.३ बसत नाही. आत साठतं साधारण ६.३०००००१९. दाखवताना मायएसक्यूएल ते गोल करून ६.३ दाखवतं, पण तुलना करताना आतला आकडा धरतं. बरोबरीचं चिन्ह म्हणजे अगदी तंतोतंत, तिथं 'जवळपास' चालत नाही.

कॉलम बदलून डेसिमल(४,१) केला, साठलेले आकडे आपोआप एका दशांशावर गोल झाले, सगळे दर लागले. लिटर, रक्कम, दर, सगळंच डेसिमल करा. पैसे फ्लोटमध्ये ठेवणाऱ्याला महिनाअखेर पैशापैशानं फरक येतो आणि तो शोधता शोधता रात्र जाते.

जाता जाता: फॅट ६.३ ऐवजी घाईत ६३ टाइप होते, त्यासाठी चेक (चुकीचा आकडा नाकारणारी अट) लावावा असं वाटेल. मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधीची आवृत्ती चेकची ओळ वाचते, कुरकुर करत नाही आणि विसरून जाते. लावला म्हणून निर्धास्त राहू नका, एकदा मुद्दाम ६३ टाकून बघा.

डिझाइनमध्ये दोन गोष्टी आत्ताच करून ठेवा

पहिली, युनिक की, म्हणजे तीच ओळ दुसऱ्यांदा घेऊ न देणारी अट. मशीनची फाइल दोनदा आयात झाली की एका वेळचं दूध दोनदा चढतं. संकलनावर कोड, दिनांक आणि वेळ (सकाळ की संध्याकाळ) यांची युनिक की लावली की दुसरी आयात तिथंच अडते. मी ती लावायला गेलो तर पहिल्याच झटक्यात डुप्लिकेट एंट्रीची एरर. वाटलं, सापडली चोरी. पण चोरी नव्हती. बऱ्याच घरात गाय आणि म्हैस दोन्ही असतात, दोन किटल्या, दोन पावत्या, कोड एकच. कीमध्ये दुधाचा प्रकारही घ्यावा लागला. लावण्याआधी सेक्रेटरींना विचारा: एका पावतीची ओळख नेमकी कशानं पटते? त्यांना हे तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

दुसरी, दरपत्रक. दर बदलला की कारकून जुन्या दरावर नवा दर लिहायचा. मग मागच्या महिन्याचं बिल पुन्हा छापलं की नव्या दरानं यायचं आणि वाद व्हायचा. दरपत्रकात 'लागू पासून' ही तारीख घाला, जुन्या ओळीला हात लावू नका, नवी ओळ टाका. आणि पावतीवर लागलेला दर संकलनाच्या ओळीतही साठवा. यावर कॉलेजातून नुकतीच आलेली पोरं हरकत घेतात, की दर दोन ठिकाणी झाला, नॉर्मलायझेशन (एक गोष्ट एकाच ठिकाणी ठेवायचा नियम) मोडलं. माझं मत वेगळं. दरपत्रकातला दर म्हणजे संस्थेचा नियम. पावतीवरचा दर म्हणजे त्या सकाळी त्या सभासदाशी झालेला व्यवहार. दोन्ही आकडे आज सारखे असले तरी दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. दिवाळीला वाटायचा दरफरक वर्षभराच्या दुधावर काढायचा असतो, तेव्हा व्यवहाराचा आकडा ताजा बदललेला चालत नाही.

जुनी बिलं

नवी क्वेरी बसवून काम संपलं नाही. जुनी आणि नवी दोन्ही क्वेरी मागच्या सगळ्या खेपांवर चालवल्या, कोड आणि खेप धरून जोडल्या आणि फक्त जिथं देय वेगळं आलं त्या ओळी काढल्या. लाल पेनानं आधीच दुरुस्त झालेल्या त्यातून सेक्रेटरींनी वहीवरून टिक केल्या. उरलेल्यांत जास्त गेलेले होते, त्यांची वसुली हप्त्यानं, आता न घाबरता कपातीत टाकली. जुन्या बिलाच्या ओळी मात्र एकही बदलल्या नाहीत; जी रक्कम हातात पडली ती पडली, फरकाची नवी ओळ वेगळी.

सगळ्यात जास्त वेळ ७८ कोडवर गेला. तीन खेपा दुप्पट आणि मधे दोन वसुल्या. सेक्रेटरींनी वही उघडली, मी स्क्रीन, आणि त्यांच्या घरून पावत्यांची गड्डी मागवली. दीड तासानं तिन्ही जुळले.

"आता अकरा तारखेला फोन करू नको म्हणता?" सेक्रेटरींनी विचारलं.

करा म्हटलं. छपाईच्या आधी ती दोन-कपातींची यादी काढा, त्यातले दोन कोड हातानं बेरीज करून बघा, आणि मग फोन करून सांगा जुळलं का.